ओढ्याचा नकाशा काढणाऱ्या ताईंना

ताई,

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितोय. तुमच्याआधी आमच्या ओढ्यावर येऊन गेलेल्यांपैकी एखाद्याच्या तरी नजरेला ते पडावं, अशी माझी फार इच्छा आहे.

मुंबईच्या आरेतल्या पाड्यांवर सर्व्हेवाली माणसं येतात, त्यात नवल नाही. गाडी रस्त्यावर उभी, डोळ्यांवर गॉगल, चार फोटो काढले की परत. तुमच्याआधीच्या प्लॅनमध्ये ओढ्याला दोन्हीकडून काँक्रीटच्या भिंती होत्या, तळही काँक्रीटचा, वर पेव्हर ब्लॉक आणि बाकडी. सुशोभीकरण म्हणे! मी विचारलं, माशांचं काय? साहेब हसले. "या नाल्यात मासे?" वर २६ जुलैचा धाक घातला. २००५ साली सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आता भिंत नको म्हणणारे तुम्ही कोण? त्या पावसानंतर मिठी नदीला किती भिंती घातल्या ते मुंबईने पाहिलंय. आणि कुर्ल्यात अजूनही पाणी भरतं, तेही पाहिलंय.

तुम्ही आलात तेव्हा आम्ही आधीच वैतागलेले होतो. आजी तर ओट्यावरून उठायलाही तयार नव्हती. तुम्ही बूट काढून पाण्यात उतरलात तेव्हा मात्र ती काठी टेकत मागून आली. पोरगी पडेल म्हणून आली, असं ती अजून सांगते.

मग तुम्ही नकाशा उघडलात. आजी कधी शाळेत गेलेली नाही. कागदावर उत्तर वर, अक्षरं इंग्रजी, आणि डोंगर तिच्या पाठीमागे. दुसरं कोणी असतं तर तिला बाजूला ठेवून माझ्याशी बोललं असतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. कागद उचललात, नकाशातला डोंगर खऱ्या डोंगराच्या बाजूला येईल असा फिरवलात, आणि तिच्याशेजारी चिखलात बसकण मारलीत. तिने एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि ओल्या बोटाने सिमेंटच्या बंधाऱ्यावर ठिपका टेकवला. "इथून नाय चढत मासा. पूर्वी चढायचा. आता आपटून आपटून मरतो." दुसरा ठिपका उंबराजवळ. "आणि इथं पोटातली अंडी टाकायचा, गवतात."

बस, एवढंच. कागद फिरवलात. ताई, आमच्या घरात कोणी आजारी पडलं की औषध आजी सांगते, रानातली वाट आजी सांगते, पण कागद घेऊन आलेल्या माणसाने तिला विचारलं असं मी पहिल्यांदाच पाहिलं. हुशार माणसं या शहरात पोत्याने मिळतील. समोरच्याच्या बाजूने कागद धरणारी किती?

त्या दोन ठिपक्यांवर तुमचा अख्खा प्लॅन उभा राहिला. पहिल्या पावसात वलगण, म्हणजे माशांची प्रवाहाविरुद्धची चढण, सुरू झाली की खवल्या, मुऱ्या, शिंगट्या असे मासे वर चढतात. बोटभर मासा कंबरभर उंच बंधारा कसा ओलांडणार? म्हणून बंधाऱ्याची एक कड कापून दगडांच्या बुटक्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीखाली दम घ्यायला छोटा डोह. उंबराजवळ काठ थोडा उतरता करायचा, म्हणजे पहिलं पाणी कुरणात पसरेल, गवतात अंडी पडतील आणि पिल्लं वाढून ओसरत्या पाण्याबरोबर ओढ्यात येतील. पसरलेलं पाणी खाली जाईल तेही सावकाश. म्हणजे पुराची काळजी भिंतवाल्या साहेबांपेक्षा तुम्हीच जास्त केलीत की!

तबेल्यांच्या चाऱ्यासाठी आणलेलं पॅरा गवत ओढ्यात माजलंय, ते एकदम उपटू नका, तुकड्यातुकड्याने काढा, नाहीतर काठच वाहून जाईल, हेही तुम्हीच सांगितलंत. जागा मोकळी होईल तसा वाळा आणि लव्हाळा लावायचा. मे महिन्यात गाळ काढायला जेसीबी येतो आणि उन्हाळाभर तग धरलेले डाकू, मरळ हे मासे डोहासकट उचलून नेतो, तर तो डोहात घालायचा नाही. या एका ओळीसाठी मी तुम्हाला वेगळा नमस्कार करतो. कारण डास कमी व्हावेत म्हणून गप्पी मासे सोडले की ओढा जिवंत झाला, असं समजणारी माणसंही आम्ही पाहिली आहेत.

एका मुद्द्यावर मात्र पाडा अजून तुमच्यावर रुसलेला आहे. वलगणीचे पहिले दोन दिवस कोणी मासे धरायचे नाहीत! मुलं कुरकुरतात. माझ्या काकांनी तर सरळ सांगितलं, वर्षभर वाट बघायची आणि त्याच दिवशी जाळं टांगून ठेवायचं होय? आजीने त्यांना गप्प केलं. अंडीवाली मासळी तिच्या आईच्या वेळीही सोडून देत, असं ती म्हणाली. खरं खोटं तिलाच ठाऊक, पण काका गप्प बसले.

मंजुरी अजून यायची आहे. फाइल कुठल्या टेबलावर आहे याची चौकशी चालू आहे, आणि पाड्यावरची माणसं आळीपाळीने तिथे जातात. ते काम आमचं, तुम्ही त्याचा घोर लावून घेऊ नका.

आजीचा एक निरोप आहे. तुम्ही पाठवलेला नवा नकाशा मी तिला तुमच्यासारखाच फिरवून दाखवला. तिचं म्हणणं, वरून तिसऱ्या पायरीचा दगड उंबराच्या बाजूला जरा तिरका बसवायला हवा, मोठ्या पावसात धार तिकडूनच येते. तेवढं बदलून पाठवाल का?

तुमचा,
पाड्यावरचा भाऊ