ब्रेक ऑइल संपत नसते, बंड्या

नागपूर
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,

काल फोनवर तू घाईत होतास. "ब्रेक ऑइलची एक बाटली आणून टाकून दे, बाकी दिवाळीत आलो की पाहू," म्हणालास आणि तुझी मीटिंग सुरू झाली. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, कारण ही गोष्ट फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहायला बसलो. लांबेल, पण पूर्ण वाच.

बाटली मी टाकली नाही. गाडी तुमच्या पोर्चमध्ये जॅकवर चढवली आहे, आणि मागची दोन्ही चाकं खोलून, आतलं काम करून परत लावून झाली आहेत.

आधी हे का केलं ते सांगतो. इंजिन ऑइल थोडंफार जळते, पेट्रोल तर संपायलाच असते. ब्रेक ऑइलचं तसं नाही. ते बंद नळीत असते, पेडलपासून चाकापर्यंत जोर पोचवते आणि परत येते. त्याची पातळी आपोआप उतरायचं योग्य कारण एकच : पुढचे पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन थोडा बाहेर राहतो आणि तेवढं ऑइल त्याच्या मागे जाऊन बसते. पण ते वर्ष-दोन वर्षांत बोटभर उतरणं झालं. काकू म्हणाल्या, गॅरेजवाला दर महिन्याला थोडं थोडं टाकून देतो. दर महिन्याला टाकावं लागते म्हणजे दर महिन्याला तेवढं कुठेतरी बाहेर पडते, आणि ज्या वाटेनं ऑइल बाहेर पडते त्याच वाटेनं एक दिवस ब्रेकचा जोरही बाहेर पडतो. बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी भरून ठेवली की फक्त ती वाट दिसेनाशी होते.

मला पहिला संशय दसऱ्याला आला. काकूंनी गाडी धुवून ठेवली होती, झेंडूचा हार आणि आपट्याची पानं घेऊन मी पूजेला आलो होतो. बॉनेट उघडलं तर मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे पेडलचा जोर ऑइलवर घालणाऱ्या सिलेंडरच्या, खालचा रंग फुगून पापुद्र्यासारखा सुटलेला. दुसरं कुठलंही ऑइल रंगाची अशी दशा करत नाही. ब्रेक ऑइल रंग खाते. पडल्या पडल्या पाण्यानं धुतलं तर रंग वाचतो, नाही तर काही दिवसांत पत्रा उघडा पडतो.

नंतर रात्रभर गाडीखाली जुने पेपर अंथरून ठेवले. सकाळी डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग होता. डाग दिसला की लोक लगेच डिफरन्शिअल (मागच्या चाकांमधली गिअरपेटी) नाही तर ग्रीसवर जातात, म्हणून वाटीभर पाण्यात त्याचे दोन थेंब टाकून पाहिले. इंजिनचं किंवा गिअरचं ऑइल पाण्यावर तरंगते, साय धरते. हे पाण्यात विरघळून गेलं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असते, पाण्यात मिसळते. मी आयटीआयतल्या पोरांना पहिल्या आठवड्यात हेच करून दाखवतो.

मग चाक काढलं. पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला. ड्रम, म्हणजे चाकामागचं ब्रेकचं गोल भांडं, जाम होता. लाकूड लावून चहूबाजूंनी हळूहळू ठोकत आणला. आत पाहून मला बरं वाटलं नाही, बंड्या. ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे दोन्ही शू ऑइलनं काळे चिंब, त्यांच्यावरच्या लायनरवर (घासणाऱ्या पट्टीवर) चिकट थर, आणि ब्रेकची धूळ त्या ऑइलात कालवून चिखल झालेला. (ती धूळ कधी फुंकू नकोस आणि कुणाला हवेच्या पाइपनं उडवू देऊ नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्यानं पुसायची.) शू ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचं रबरी टोपण नखानं जरा उचललं, तर आतून ऑइलची धार शूवरून खाली आली. टोपणाखाली नुसती ओल असती तर मी समजू शकलो असतो. धार म्हणजे सिलेंडर गेला.

याचा अर्थ डाव्या मागच्या चाकाला गेले कित्येक दिवस नीट ब्रेकच नव्हता. शू ऑइलवर घसरून राहिला होता. काकू म्हणत होत्या की जोरात ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. त्याचं कारण हे.

आता ही गोष्ट मी तुला जरा सावकाश सांगणार आहे, कारण यातच सगळं आहे. सिलेंडर बिडाचा, आतून घोटलेला. त्यात दोन पिस्टन आणि त्यांना लागून दोन रबरी कप. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेते. डबीच्या झाकणातून, रबराच्या होज पाइपमधूनसुद्धा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, पण त्यानंतरचे चार महिने आठव. वर्षानुवर्षं ऑइल बदललं नाही की ते पाणी खाली, चाकांपर्यंत जाऊन बसते आणि सिलेंडरच्या भिंतीला गंज खड्डे पाडतो. जिथे कप रोज ये-जा करतो तेवढी पट्टी घासून चकचकीत राहते, आतला भाग गंजतो. तुझ्या बाबांच्या हातात गाडी होती तेव्हा लायनर झिजलेले, म्हणून पिस्टन बाहेरच्या बाजूला चालत होते. गेल्या वर्षी तुम्ही गॅरेजमध्ये नवे शू टाकून घेतले. नवे शू जाड, त्यांनी पिस्टन आत ढकलले, आणि नरम रबराचे कप नेमके त्या खडबडीत गंजावर आले. तेव्हापासून कपाची धार कापत गेली. काम नवं झालं आणि गळती तिथून सुरू झाली. शू बदलताना सिलेंडर खोलून पाहिला असता तर तेव्हाच कळलं असतं. पण तेवढा वेळ कुणी देत नाही, आणि गिऱ्हाईकही मागत नाही.

मी सिलेंडर पुसून आत करंगळी फिरवली. नख अडकलं. नख अडकलं की किट टाकण्यात, म्हणजे नुसते आतले रबर बदलण्यात, अर्थ नाही. पॉलिश पेपरनं घासून खड्डा जात नाही, भोक फक्त मोठं होते. दोन्ही बाजूंचे सिलेंडर पूर्ण नवे लावले. उजवा अजून गळत नव्हता, पण वय तेच आणि पाणीही तेच प्यायलेला. चारही शू नवे. ऑइल प्यायलेले शू पेट्रोलनं धुवून, स्टोव्हवर भाजून परत लावणारे लोक मी पाहिले आहेत. तापल्यावर आत मुरलेलं ऑइल पुन्हा वर येते. फेकून दिले.

सिलेंडरला येणाऱ्या लोखंडी पाइपचा नट ही वेगळीच परीक्षा. तो गंजून पाइपला धरून बसतो, साध्या पान्यानं फिरवला की त्याचे कोन गोल होतात, नाही तर पाइपच पिळून तुटतो. त्यासाठी फ्लेअर नटचा पाना येतो, नटाला जवळजवळ सगळीकडून पकडणारा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी आधी किंचित घट्ट केला आणि मग सोडला. सुटला. पाइप गाडीखाली जिथे क्लिपमध्ये बसतो तिथेही चिखल खरवडून पाहिला, तिथे वरवरचा गंज आहे, खड्डा नाही. खड्डा असता तर अख्खा पाइप बदलला असता. पाइपवर एम-सील, आट्यांवर टेप, मध्येच तांब्याचा तुकडा जोडणं, असलं काही बाबांच्या गाडीला मी होऊ देणार नाही. जोरात दाबलेल्या ब्रेकचा दाब त्यात टिकत नाही.

मास्टर सिलेंडरबद्दल मिस्त्रीचं आणि माझं एकमत झालं नाही. तो म्हणे, किट टाकून देऊ, निम्म्याहून कमी पैशात होईल. मी सिलेंडर सोडवला तर त्याच्या मागच्या तोंडाला, जिथे तो बूस्टरवर (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर) बसतो, तिथे ओल. ही गळती सगळ्यात फसवी. ऑइल बूस्टरच्या पोटात जाते, फरशीवर एक थेंब पडत नाही, आणि डबी मात्र उतरत जाते. जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. तुझ्या गाडीत तिथवर गेलं नव्हतं. आतल्या भिंतीला इथेही डाग होतेच. नवा टाकला. पैशाचा हिशेब वेगळ्या कागदावर ठेवला आहे, तू आलास की पाहू. परवानगी विचारत बसलो नाही, कारण तू नाही म्हणाला असतास तरी मी हेच केलं असतं.

पाइप सोडले की ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरते. ती हवा काढायला तुमच्या शेजारचा कॉलेजातला पोरगा पेडलवर बसवला. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकाजवळच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. तो दाबून धरायचा, मी निपल पाव आटा सोडायचा, बुडबुडे आणि काळपट ऑइल बाहेर, मी बंद केलं की मगच त्यानं पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर हवा परत आत. मधून मधून डबी भरत राहायची. सुरुवातीला कॉफीसारखं येत होतं. शेवटी मधासारखं फिकट आणि स्वच्छ यायला लागलं तेव्हा तो पोरगाच ओरडला, "काका, झालं!"

पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवला होता, तेही ध्यानात ठेव. जुन्या मास्टर सिलेंडरवर पेडल पार तळापर्यंत दाबलं तर आतले कप जिथे कधी गेलेच नाहीत त्या गंजक्या भागावर जातात आणि फाटतात. हवा काढली आणि आठवड्यात मास्टर गेला, अशा गाड्या म्हणूनच येतात. इथे मास्टर नवा होता, तरी मला ती सवय मोडायची नाही.

आता तुमची दिवाळीतली चिखलदऱ्याची वारी. डबीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं आहे, ती ब्रेक ऑइलची प्रत. हे ऑइल नवं असते तेव्हा किमान २०५ अंशाला उकळते, आणि त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की तेच १४० अंशावर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. परतवाड्याकडे घाट उतरताना पाय ब्रेकवरच ठेवला तर चाकातलं ऑइल सहज तापते. ते उकळलं की नळीत वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल स्पंजासारखं खाली जाते आणि गाडी थांबत नाही. गाडीत माणसं बसलेली आणि उतार सुरू असताना हे होऊ नये, एवढ्यासाठी मी हा सगळा व्याप केला. म्हणून डॉट ४ भरलं, सीलबंद छोट्या बाटल्यांतून. डॉट ३ च्या गाडीत ते चालते. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं वेगळं असते, ते मात्र कुणाचं ऐकून टाकू नकोस. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवायची नाही, उघडली की ती पाणी प्यायला लागते. आणि घाटात उतरताना दुसरा गिअर. बाबा तसंच उतरायचे, तुला आठवत असेल.

एक काम राहिलं आहे. पुढच्या चाकांचे होज पाइप वाकवले की बारीक भेगा दिसतात. इथल्या घाट रोडच्या दुकानातून नवे आणले, पण एकाचं टोक वेगळं निघालं, ते बदलून आणायचं आहे. कॅलिपरच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे लागतील, एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही. पाइप लागले की पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकची हवा पुन्हा काढावी लागेल. मग इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरीन. हळूहळू खाली बसलं नाही आणि कुठेही ओल दिसली नाही, तर अंबाझरीच्या बाजूला सकाळी रस्ता रिकामा असतो, तिथे आधी सायकलच्या वेगानं आणि मग थोडी वाढवून पाहीन. हँडब्रेकही तेव्हाच ताणून घेतो.

तू आलास की दोन गोष्टी स्वतः कर. पहिल्या दिवशी डबीवर पेननं पातळीची खूण कर, आणि रामटेकहून आल्यावर ती पाहा. खूण जागेवर असेल तर पुढे चिखलदऱ्याला जा. उतरली असेल, अगदी थोडी जरी, तर मला बोलाव, रात्री अकरा वाजले असले तरी. आणि दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचं. गाडीच्या कागदांचं नूतनीकरण तू पुण्यातून धडपड करून केलंस, कारण गाडी विकायला तुझं मन होत नाही. मला ते पटते. पण ठेवायची असेल तर अशी ठेवावी लागेल.

काकूंची तब्येत बरी आहे. रोज काम संपलं की सांबारवडी नाही तर चहा घेतल्याशिवाय त्या मला सोडत नाहीत. फक्त त्यांना उद्या गाडीनं बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) जायचं आहे, आणि मागची चाकं लागलेली पाहून त्यांना वाटते गाडी तयार झाली. किल्ली मी माझ्याकडे ठेवली आहे. तू आज त्यांना फोन करून सांग की होज पाइप लागेपर्यंत ती मिळणार नाही. तू सांगितलंस तर ऐकतील, मी सांगून थकलो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मानेवाड्याचा दोस्त