घरातच आहोत, उबेत आहोत

बफेलो, अमेरिका, जानेवारी

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

टीव्हीवर बर्फात गाडलेल्या मोटारी दाखवतात तो रस्ता आमच्याजवळचा नाही, हे आधी सांगून टाकतो. बाबा, तुम्ही मध्यरात्री उठून बातम्या लावता असं काकूने कळवलं. आम्ही सगळे घरात आहोत, वीज आहे, पाणी आहे, चिमी खिडकीला नाक लावून बसली आहे.

इथलं वादळ कसं होतं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्हाला ते पटकन कळेल. वारा ईरी सरोवराच्या लांबीवरून येतो. सरोवर अजून गोठलेलं नाही, म्हणजे पाणी हवेपेक्षा पुष्कळ उबदार. त्याची वाफ उचलत वारा किनाऱ्यापर्यंत येतो आणि सगळा बर्फ इथे टाकतो. पट्टा मात्र अरुंद असतो. शहराच्या एका टोकाला छातीभर बर्फ आणि दुसऱ्या टोकाला चक्क ऊन, असंही होतं. 2022 च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या उपनगरांत सहा फुटांहून जास्त पडला होता. आम्ही या वेळी पट्ट्याच्या कडेला आहोत. पायऱ्या दिसत नाहीत, एवढंच.

त्याच वर्षीच्या नाताळात इथे चाळीसहून जास्त माणसं गेली, हे तुम्ही कुठून तरी ऐकालच, म्हणून मीच लिहितो. कुणी गाडीत अडकून, कुणी थंड पडलेल्या घरात, कुणी बर्फ उपसताना हृदय बंद पडून. म्हणून गाड्या बाहेर काढायला बंदी आली की आम्ही ती पाळतो. ऑफिसचं काम घरून चालतं, शाळेला सुट्टी. बाहेर पडायचं कारणच नाही.

आई, थंडीचं म्हणशील तर घरात मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसलोय. गॅसची भट्टी तळघरात असते, गरम हवा प्रत्येक खोलीत येते. खिडक्यांना दुहेरी काचा आहेत. नळ रात्री बारीक धारेने चालू ठेवतो, म्हणजे पाइपात पाणी गोठत नाही. (ही नासाडी बघून बाबांचा जीव वर-खाली होईल, पण पाइप फुटला तर त्याहून जास्त पाणी जातं.) वादळ येणार हे दोन-तीन दिवस आधी कळतं, तेवढ्यात तू आगोटीची बेगमी करायचीस तशी आम्ही केली. दूध, बटाटे, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल, औषधं. तू दिलेलं कुळथाचं पीठ होतंच. काल दुपारी पिठी, मऊ भात, वर तूप आणि पोह्याचा पापड. तुमच्या सुनेने आमसुलाचं सार केलं, ते चिमी पेल्यातून प्यायली आणि अजून मागितलं. मग सगळे एकाच पांघरुणात शिरून दुपारभर झोपलो. इतकी शांत झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. बर्फ पडताना आवाजच येत नाही. कौलांवर पाऊस बडवतो, पागोळ्या लागतात, त्याची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा हे चमत्कारिक वाटतं.

आता जे लिहायचं म्हणून पत्र घेतलं ते लिहितो. हे घर भाड्याचं नाही. आम्ही विकत घेतलं. दसऱ्याच्या सुमारास व्यवहार झाला. पहिला हिवाळा या घरात कसा जातो ते बघू आणि मगच तुम्हाला सांगू, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. आई, आता तू बाबांकडे बघशील आणि बाबा चष्मा काढून पुसत बसतील, ते मला इथून दिसतंय.

आधी पैशाचं. तुमच्या ठेवींना, वाडीला, गावच्या घराला कशालाही हात लावलेला नाही. कर्ज आहे, पण हप्ता भाड्यापेक्षा फारसा जास्त नाही आणि भाडं तर दरवर्षी वाढतच होतं. जुन्या जागेत खिडक्यांतून वारा यायचा, चिमीला सारखा खोकला. इथून तिची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. घर जुनं आहे, पण लाकूड पक्कं. बर्फ उडवायचं यंत्र आधीचे मालक गॅरेजमध्येच ठेवून गेले, त्यामुळे मला फावडं मारावं लागत नाही.

एवढी कारणं दिली, पण बाबा, तुम्हाला पटेल असं कारण वेगळंच आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इथून मी वेडापिसा झालो होतो. विमानं बंद, तुमचे फोन बंद. पोफळी आडव्या झाल्या, पडवीवरची कौलं गेली, हे सगळं मला काकांकडून कळलं. तुमचा आवाज ऐकायला मिळाला तेव्हा मी म्हटलं, काकांकडे दापोलीला जाऊन राहा, त्यांचं घर स्लॅबचं आहे. तुम्ही म्हणालात, "घर उघडं टाकून कुठे जाऊ?" मला तेव्हा तुमचा रागच आला होता. परवा रात्री वारा सुटला आणि एका मित्राने फोन केला, लाइट जाईल, हॉटेलात खोली घ्या. माझ्या तोंडून तुमचंच उत्तर गेलं. भाड्याच्या जागेसाठी मी असं कधी बोललो नसतो.

गाव सोडलं असा अर्थ मात्र काढू नका. गणपतीला आम्ही येणार, तो नेम मोडणार नाही. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा दरवर्षी मी असेन असं सांगत नाही, कारण नाही जमणार. त्या दिवशी नारळ आणि ओटी कुणी द्यायची ते ताईशी बोललोय, ती पुण्याहून येईल. वरच्या आळीतल्या पोराला पावसाआधी कौलं परतायला सांगितलंय, पैसे पोचते केलेत. तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. खालून सूचना देत बसा, त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही.

आई, लहानपणी मुसळधार पावसात वीज गेली की तू मला चुलीपाशी घेऊन बसायचीस, बाबा गळतीखाली पातेली मांडत फिरायचे, आणि मी तुझ्या पदराचं टोक तोंडात धरून झोपायचो. काल चिमीने तुझ्या जुन्या लुगड्याची गोधडी तशीच चावली. मी तिला रागावलो नाही.

आता ऐका. गुडघे शेकायला रात्री कोळशाची शेगडी खोलीत आणून दार लावून घेता, ते आजपासून बंद. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. इथे भट्टीच्या धुराचा पाइप बर्फाने बुजला तरी तेच होतं, म्हणून मी वादळातही जाऊन पाइपाभोवतीचा बर्फ काढतो, आणि धोका कळवणारे भोंगे घरात बसवलेत. तुम्ही रबरी पिशवी वापरा. कपाटात खालच्या कप्प्यात आहे, डब्यातून बाहेर काढलेलीच नाही ती.

मोहोर आलाय, तुडतुडे असतील, मला माहीत आहे. फवारणी माणसाकडून करून घ्या, आणि तोही तोंडाला फडकं नव्हे, मास्क लावेल एवढं बघा. पहाटेच्या गारठ्यात झाडांना पाणी घालायला कळश्या उचलू नका. थंडीत रक्तवाहिन्या आवळतात, त्यात एकदम जोर लावला की हृदयावर ताण येतो. ऊन वर आल्यावर काय ते करा. रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, तू ही गोळी त्यांच्यासमोर उभी राहून दे.

आंबा उतरला की इकडे या, गणपतीला आपण सगळे मिळूनच परत जाऊ. जून-जुलैत इथे बर्फाचा मागमूस नसतो. खालच्या मजल्यावर पूर्वेची खोली तुमची, जिना चढायला नको. न्हाणीघर लागूनच आहे, कमोडशेजारी धरायला दांडी बसवून घेतलीय. बाबा, तुमच्या पासपोर्टची मुदत बघा आणि संपत आली असेल तर अर्ज आत्ताच करा, वाडीची कामं सांगून पुढे ढकलू नका. फोटो पासपोर्ट केंद्रातच काढतात. तेव्हा मात्र हसू नका.

तुमचा,
बाळू