मशीनवाल्या काकांना, त्या वीतभर तुकड्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मशीन भाड्यानं दिलंत म्हणून हे पत्र नाही. त्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला पोचतंच. पत्र आहे ते मशीनच्या टेबलाला टाचून दिलेल्या वीतभर कापडाच्या तुकड्याबद्दल.

आधीच्या दुकानात पॉपलिनच्या दोन घड्यांवर मशीन सुरसुर चालवून दाखवलं होतं. दोन घड्यांवर कुठलंही मशीन चालतं हो! वाकळीला, म्हणजे गोधडीला, वर-खाली एकेक साडी आणि पोटात जुन्या लुगड्यांचे चार थर, म्हणजे सहा. काठ दुमडला की बारा. तिथं घरगुती मशीनची १४ नंबरची सुई वाकते, टाका सुटतो, पट्टा घसरतो. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "ताई, तुमचा पाय अजून बसलेला नाही." अनामत अजून त्यांच्याच गल्ल्यात आहे. असो.

तुम्ही मात्र सांगितलंत, "आधी तुमच्या वाकळीचा तुकडा आणा, मग मशीन दाखवतो." मिरजेत तंबोरा लावून देतात, तसं तुम्ही ते मशीन आमच्या सहा थरांवर लावलंत आणि त्याच तुकड्यावर तीन ओळी मारल्यात. पहिली बरोबर: १८ नंबरची सुई, ४ मिलिमीटरचा टाका, वरून-खालून सारखा. दुसरी मुद्दाम बिघडवलेली: वरच्या दोऱ्याचा ताण, म्हणजे टेन्शन, ढिला, खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे. तिसरी बोथट सुईनं, मध्येमध्ये टाका गाळलेली. प्रत्येक ओळीशेजारी बॉलपेननं कारण लिहिलंत.

हे किती मोलाचं, ते गोधडी शिवणाऱ्यालाच कळेल. खाली गुंता दिसला की हात पहिला जातो खालचा दोरा ठेवायच्या बॉबिन केसच्या बारीक स्क्रूकडे, आणि तो पिळला की धड असलेलंही बिघडतं. दोष बहुतेक वेळा वर असतो. सुईपाशी कापड दाबून धरणारी दाबपट्टी खाली ठेवून दोरा ओवला तर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. पट्टी वर केली की चकत्या सैल होतात, तेव्हाच ओवायचा. टाका गळतो तेव्हा आधी सुई बदलून बघायची, आणि गोल दांड्याची सुई लावताना लांब खाच डावीकडे. एवढ्यासाठी कारागिराला बोलवायचं कारण नाही. म्हणजे तो तुकडा देऊन तुम्ही आपलंच दुरुस्तीचं गिऱ्हाईक कमी केलंत. ज्ञान मुठीत धरून फेऱ्यांचे पैसे लावणारे पुष्कळ असतात. हातचं राखून न ठेवणारा माणूस भेटला की व्यवहारावरचा विश्वास परत येतो.

क्लच मोटरऐवजी सर्व्हो दिलीत, तेही बरं केलंत. क्लच मोटर पाय न लावताही घोंघावत वीज खात बसते. सर्व्हो पाय दाबला तरच फिरते, आणि वेग कमी करता येत असल्यानं जाड शिवणीवर सुई धावत सुटत नाही. टेम्पोत चढवताना खालच्या ट्रेमधलं तेल काढलंत आणि घरी आल्यावर खुणेपर्यंत भरलंत, म्हणून कापडावर डाग नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या तुकड्यावर नव्हती. वीतभर कापडावर ती दिसणारही नाही. खालचे दाते फक्त खालचा थर ओढतात, दाबपट्टी वरचा अडवते. सात फुटांची वाकळ संपेस्तोवर वरची साडी दोन इंच पुढं आलेली असते आणि शेवटी चुणी पडते. यावर उपाय: सगळे थर आधी धुऊन-वाळवून घ्यायचे, वीतवीतभर अंतरावर हातानं कच्चे टाके घालायचे, दाबपट्टीचा स्क्रू थोडा सैल करायचा. आणि शिवण मधून सुरू करून कडेला न्यायची, म्हणजे मशीनच्या हाताखाली निम्म्याच वाकळीची गुंडाळी येते.

म्हणून हातभर लांब जोडकापड लावून त्या तुकड्यावर चौथी ओळ आम्ही मारली आहे, चुणीसकट. शेजारी लिहिलंय: "दाब जास्त, कच्चे टाके नाहीत." मशीन परत येईल तेव्हा तुकडा टेबलालाच टाचलेला असेल. पुढच्या बाईला देताना काढू नका.

आपल्या,
वाकळ शिवणाऱ्या चौघी