बायोप्सीचा तुकडा बातमीत कुठे आहे?

महोदय,

विद्यापीठांतील प्रिसिजन मेडिसिनच्या, म्हणजे रुग्णाच्या जनुकांनुसार उपचार ठरवण्याच्या, संशोधनावरचा कालचा लेख वाचला. डीएनएचा क्रम वाचणाऱ्या सिक्वेन्सिंग यंत्रांचे मोठे फोटो आहेत, संगणकीय विश्लेषणाचे भरभरून कौतुक आहे. मात्र त्या यंत्रापर्यंत पोहोचणाऱ्या गाठीच्या तुकड्याबद्दल एक ओळही नाही. चाचणी अनेकदा तिथेच बिघडते, म्हणून हे पत्र.

गाठ काढल्यावर तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशींतली आरएनए व प्रथिने मोडू लागतात. तासाभरात ती ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, जायला हवी आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट हवे. ते ऊतीत तासाला साधारण १ मिलिमीटर शिरते. मोठी गाठ न कापता बरणीत टाकली तर कड टिकते आणि गाभा खराब होत राहतो. आधी ५ ते १० मिलिमीटरचे काप घ्यावे लागतात. स्तनाच्या कर्करोगात हर-२ आणि हार्मोन रिसेप्टर (औषध निवडायला मदत करणारी पेशींवरची व पेशींतली प्रथिने) तपासण्यासाठी फॉर्मॅलिनमधला काळ ६ ते ७२ तास ठरलेला आहे. सलग सुट्ट्या आल्या की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. नमुना जास्त मुरला की डीएनएचे बारीक तुकडे पडतात. शिवाय डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिनचे युरॅसिल होते, यंत्र त्याला थायमिन हे वेगळे अक्षर म्हणून वाचते आणि गाठीत नसलेला बदल अहवालात उमटतो. हाडाच्या बायोप्सीची गत आणखी वाईट. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरले की डीएनए जवळजवळ हातचे जाते. ईडीटीए या सौम्य रसायनाला जास्त दिवस लागतात, पण डीएनए टिकते. घाईच्या कामात हे दिवस कोणी द्यायला तयार नसते.

माझा मुख्य आक्षेप पुढे आहे. ‘बदल आढळला नाही’ असे सगळे रुग्ण लेखात एकाच गठ्ठ्यात बांधले आहेत. तुकड्यातल्या १०० पेशींपैकी १० च कर्करोगाच्या असतील आणि जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल असेल, तर १०० वाचनांत तो जेमतेम ५ वेळा दिसेल. म्हणूनच अनेक प्रयोगशाळा किमान २० टक्के कर्करोगपेशी मागतात. त्याहून कमी असतील तर अहवालात ‘निगेटिव्ह’ऐवजी ‘नमुना अपुरा’ असे लिहायला हवे. फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या जनुकातला बदल सापडला तर रुग्णाला थेट त्यावरची गोळी देता येते. अपुऱ्या नमुन्यावर ‘निगेटिव्ह’चा शिक्का बसला तर ती गोळी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यात मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, दर वेळी पातळ काप काढणाऱ्या मायक्रोटोम यंत्रावर चढवताना थोडी ऊती छाटण्यातच वाया जाते. सुईच्या छोट्या बायोप्सीत जनुकीय चाचणीचे काप पहिल्याच बैठकीत कापून ठेवायला हवेत. आधी डझनभर रंजकांच्या स्लाइड काढल्या की ऊती संपते आणि सिक्वेन्सिंगसाठी मेणच उरते.

गाठीतून रक्तात उतरलेले डीएनए शोधणारी रक्तावरची चाचणी लेखात सोपा पर्याय म्हणून मांडली आहे. रक्त गोठू न देणाऱ्या साध्या ईडीटीए नळीतले रक्त तसेच पडून राहिले तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचे डीएनए विरळ होऊन जाते. प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) काही तासांतच वेगळा करायला हवा, नाहीतर पेशी टिकवणारी खास नळी हवी. रक्तात बदल न सापडणे म्हणजे गाठीत तो नाही, असेही नव्हे.

आणखी एक. शीर्षकात ‘जुनाट आजार’ आहेत आणि मजकुरात त्यांना एकच वाक्य! एक्सेटर विद्यापीठाच्या गटाने २००४ मध्ये नवजात बाळांच्या मधुमेहामागचा केसीएनजे११ जनुकातला बदल दाखवला आणि २००६ पर्यंत अशा बहुतेक रुग्णांचे इन्सुलिन थांबवून सल्फोनिल्युरिया या मधुमेहाच्या औषधाच्या गोळ्या देता येतात हेही समोर आले. वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेहाचे निदान झालेल्या प्रत्येक बाळाची जनुकीय चाचणी व्हायला हवी. ही माहिती वाचणाऱ्या एखाद्या आईवडिलांना ती लगेच उपयोगी पडली असती.

पुढच्या वेळी वार्ताहराने संशोधकांना एवढे जरूर विचारावे: किती नमुने चाचणीआधीच बाद झाले आणि कशामुळे? ते आकडे यशाच्या आकड्यांशेजारीच छापावेत.

– एक हिस्टोपॅथॉलॉजिस्ट (ऊती तपासून निदान करणारा डॉक्टर)