सभागृह नंतर, आधी परतीची नळी

मा. विज्ञानमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

कण-खगोलभौतिकी आणि विश्वरचनाशास्त्राची नवी संशोधन संस्था उभारायची म्हटले की सगळ्यात आधी दर्शनी इमारतीचे चित्र तयार होते. त्यात सभागृह आणि काचेचा जिना असतो. आमची विनंती अशी की या संस्थेची इमारत उपकरणांभोवती आखावी. सभागृह दोन वर्षे उशिरा झाले तरी कुणाचे अडत नाही. हेलियमची परतीची नळी राहून गेली, तर ती घालायला चालू प्रयोग थांबवून भिंत फोडावी लागते.

ही नळी म्हणजे काय, ते थोडे सांगतो. कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातले न दिसणारे द्रव्य, शोधणारी काही यंत्रे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेऊन चालवतात. त्यासाठी वापरला जाणारा द्रव हेलियम ४.२ केल्विनला (उणे २६९ अंश सेल्सिअसला) उकळतो आणि एका लिटरचा खोलीच्या तापमानाला सुमारे साडेसातशे लिटर वायू होतो. हवेत सोडला की तो गेला. म्हणून प्रत्येक दालनातून परतीची नळी, वायू साठवायची पिशवी, कॉम्प्रेसर आणि पुन्हा द्रव करणारे यंत्र, अशी साखळी लागते. नळीत कुठे हवा शिरली तर ती द्रवीकरण यंत्रात गोठते आणि मार्ग तुंबतो. गळलेला वायू खोलीतला ऑक्सिजन हटवतो, म्हणून ऑक्सिजन मोजणारे संवेदकही विचार करून बसवावे लागतात. हेलियम वर चढतो म्हणून छताजवळ. थंड करायला वापरलेल्या द्रव नायट्रोजनचा थंड वायू खाली साचतो म्हणून जमिनीलगत. बंद चक्राची शीतयंत्रे घेतली तर द्रव हेलियम कमी लागतो, पण त्यांचे कॉम्प्रेसर थरथरतात. त्यांचा पाया प्रयोगाच्या दालनाच्या पायापासून वेगळाच हवा.

धुळीचे गणित तर बांधकाम खात्याला सहसा पटत नाही. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ३,२०० मेगापिक्सेल आहेत. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत त्याचे १८९ संवेदक नऊ-नऊच्या गटांत बसवले, तेव्हा शेजारच्या दोन गटांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास होती. कडेला कड लागली तर संवेदक तडकणार. असे काम साध्या वातानुकूलित खोलीत होत नाही, धूळ गाळलेली हवा लागते.

आणि नुसती स्वच्छ दिसणारी हवाही पुरत नाही. काँक्रीट आणि खडकातल्या युरेनियममुळे रेडॉन हा किरणोत्सारी वायू सतत झिरपतो. त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) ३.८ दिवसांचा, पण त्यातून पुढे तयार होणारे शिसे-२१० पृष्ठभागाला चिकटून बसते आणि त्याचा अर्धायुकाल २२ वर्षांचा आहे. म्हणजे जोडणीच्या वेळी आठवडाभर उघडा राहिलेला भाग यंत्राच्या संपूर्ण आयुष्यभर खोटे संकेत देऊ शकतो. त्यासाठी जोडणीच्या खोलीत रेडॉन काढून टाकलेली हवा लागते. शिवाय प्रत्येक स्क्रू, केबल, डाखाचा तुकडा किरणोत्सार मोजणाऱ्या जर्मेनियमच्या मापकात तपासावा लागतो, आणि एका नमुन्याला कधी कित्येक आठवडे लागतात. मापक दोनच असतील तर सगळा प्रकल्प त्यांच्यापुढे रांगेत उभा! यंत्रांसाठी लागणारे तांबे विमानाने मागवू नये. दहा किलोमीटर उंचीवर वैश्विक किरणांचा मारा शेकडो पटींनी वाढतो आणि तांब्यात किरणोत्सारी कोबाल्ट-६० तयार होतो. ते जहाजाने किंवा रस्त्याने आणावे आणि लगेच भूगर्भात ठेवावे.

भूगर्भातली जागा खाणीत मिळत असेल, तर पाणी कोण उपसणार हे आधी लेखी ठरवावे. भूगर्भात जायचे ते वैश्विक किरणांतून येणारे म्युऑन नावाचे कण टाळण्यासाठी. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. दीड किलोमीटर खडकाखाली हे प्रमाण दहा लाखांहून अधिक पटींनी घटते. अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रथम मोजले गेले. खाण बंद झाली, २००३ मध्ये पंप थांबले आणि बोगदे पाण्याखाली जाऊ लागले. तिथे पुन्हा प्रयोगशाळा उभी करायला आधी ते पाणी उपसावे लागले.

आता माणसांविषयी. शास्त्रज्ञांच्या जागा मंजूर होतात, निर्वात पात्रांचे वेल्डिंग जाणणाऱ्याची होत नाही. जोड आतून आणि बाहेरून दोन्हीकडे भरून वेल्ड केला, तर मध्ये हवा अडकते आणि महिनोन्महिने आत झिरपत राहते. बाहेरून गळती शोधणारे यंत्र काहीच दाखवत नाही, कारण बाहेरून गळती नसतेच. बंद भोकातल्या स्क्रूखालीही हेच होते, म्हणून स्क्रूला आरपार छिद्र ठेवतात. हे जाणणारा माणूस कंत्राटावर दर अकरा महिन्यांनी बदलून चालत नाही.

राखीव निधीवर कात्री लावण्याआधी जपानमधल्या सुपर-कामिओकांदे या पाण्याच्या टाकीतल्या न्यूट्रिनो-शोधक यंत्राची आठवण ठेवावी. १२ नोव्हेंबर २००१ रोजी दुरुस्तीनंतर टाकीत पाणी भरताना प्रकाश टिपणारी एक काचेची नळी फुटली आणि त्या धक्क्याने साडेसहा हजारांहून अधिक नळ्या फुटल्या. उरलेल्या नळ्या विरळ मांडून, प्रत्येकीला संरक्षक कवच घालून ते यंत्र सुमारे वर्षभरात पुन्हा सुरू झाले. तेवढ्या वेळात आपल्याकडे नव्या निधीची फाइल तरी हलेल का?

इमारतीच्या निविदा निघण्यापूर्वी नकाशावर चार गोष्टी दाखवायला सांगाव्यात: हेलियमची परतीची नळी, कॉम्प्रेसरचा स्वतंत्र पाया, रेडॉनमुक्त जोडणी-खोली आणि मापकांची भूगर्भातली जागा. त्या नसतील तर नकाशा परत पाठवावा.

आपले,
कण-खगोलभौतिकीची उपकरणे घडवणारे काही जण