पॉलिप आणि कॅप्सूल

यावल,
१४ डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू एकदम म्हणालास, "ती पित्ताची पिशवी काढून टाक भाऊ, मोकळा हो." काळजीपोटीच म्हणालास, पण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

मला खडा नाही. पित्ताशयात पॉलिप आहे, म्हणजे आतल्या भिंतीवर आलेली बारीकशी वाढ, ४ मिलिमीटरची. जळगावला सोनोग्राफी करताना डॉक्टरांनी मला डाव्या कुशीवर वळवलं. बरगडीखाली गार जेल, पडद्यावर काळी पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेला पांढरा ठिपका. मी वळलो, ठिपका जागचा हलला नाही. "खडा असता तर घरंगळला असता," ते म्हणाले. असे बहुतेक पॉलिप कोलेस्टेरॉल साचून होतात, त्यांचा कॅन्सर होत नाही. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असला तर पित्ताशय काढायला सांगतात. माझी सोनोग्राफी ६ महिन्यांनी पुन्हा आहे. उजव्या बरगडीखाली जोराची कळ, ताप किंवा डोळे पिवळे झाले, तर मात्र त्याच दिवशी जायचं.

आता मला दिलेल्या कॅप्सूलचं. घरात सगळ्यांना वाटलं, हिनं पॉलिप विरघळेल. जळजळ थांबली तशी माझीही खात्रीच पटली. पण तसं नाही रे. कॅप्सूलमधलं पॅन्टोप्राझोल पोटातलं आम्ल कमी करतं, डॉम्पेरिडोन अन्न पुढं सरकवतं, मळमळ थांबवतं. पॉलिपला दोन्ही शिवतही नाहीत. माझा त्रास ॲसिडिटीचा होता, पॉलिप तपासणीत आपसूक दिसला. आणि मी वेडा रात्री जेवून कॅप्सूल घेत होतो! ती सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची.

माझ्यापेक्षा मला तुमच्या दादांची काळजी वाटते. दिवाळीत तुझ्याकडे आलो तेव्हा बघितलं, शेवभाजी झाली की ते खिशातली हीच कॅप्सूल काढतात. मेडिकलवरून स्वतःच आणतात म्हणे, दोन-तीन वर्षं झाली. डॉम्पेरिडोननं हृदयाचे ठोके बिघडू शकतात, वय झालेल्यांना आणि हृदयाचा आजार असलेल्यांना तो धोका जास्त. दादांची तर ॲन्जिओप्लास्टी झालेली. ते पाकीट आणि त्यांच्या बाकीच्या गोळ्या घेऊन याच आठवड्यात त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. दादा ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. माझं नाव सांग, नाहीतर मी रविवारी येतो, आपण दोघं मिळून नेऊ.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझाच,
यावलकर