ड्रॅगनवाल्या प्रेमकथांचंही परीक्षण छापा की!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुस्तकांच्या पानावर मध्यंतरी एक लेख आला होता, की हल्लीची मुलं ड्रॅगन, शापित राजपुत्र आणि त्यांच्या प्रेमकथा असलं काहीबाही वाचण्यात कशी गुंगलीयत आणि हे म्हणजे वास्तवापासून पळणं वगैरे वगैरे. पळण्याचं मी शाळेत असल्यापासून ऐकतेय त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही, पण त्यात एक वाक्य होतं की या गोष्टींतली नायिका राजपुत्राची वाट बघत बसते, आणि तिथे मात्र मला राहवलं नाही. अहो वाट कसली बघते, हल्लीची नायिका पहिल्याच भेटीत राजपुत्राच्या गळ्याला सुरी लावते आणि तो त्यावरच इम्प्रेस होतो! लिहिणाऱ्यांनी यातलं काही वाचलेलं नाहीये हे उघड आहे. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, हवं तर कापा पण मधलं कापू नका, मुद्दा तिथेच आहे.

मी रोमान्स वाचते, फँटसी वाचते, आणि दोन्ही एकाच पुस्तकात असेल तर मला हाक मारून उपयोग नसतो. याला हल्ली रोमँटसी म्हणतात, नाव नवीन आहे, प्रकार अजिबात नवीन नाही, त्याबद्दल पुढे लिहितेच. लोकांचा ठरलेला आक्षेप असा की शेवट आधीच माहीत असतो, दोघं एकत्र येणार, मग वाचायचं काय त्यात. हो, माहीत असतो, आणि तो तसा असायलाच हवा. अमेरिकेत रोमान्स लिहिणाऱ्या लेखकांची एक संघटना आहे, त्यांच्या व्याख्येतच दोन गोष्टी आहेत, प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. म्हणजे हा लेखकाने वाचकाला दिलेला शब्द असतो. खुनाच्या कादंबरीत शेवटी खुनी सापडतोच, तिथे कोणी म्हणत नाही की सापडणारच आहे तर वाचता कशाला. प्रेमाच्या बाबतीतच लोकांना एकदम सस्पेन्स हवा असतो, हे काय कळत नाही.

आणि शेवट नक्की आहे म्हणूनच तर लेखकाला मधे वाट्टेल तेवढं छळता येतं. चारशे पानं दोघांना एकमेकांच्या आसपास फिरवायचं आणि हात हातात येऊ द्यायचा नाही, याला स्लो बर्न म्हणतात, आणि हे लिहायला भयंकर अवघड आहे. आता जखम बांधण्याचा सीन घ्या. हा सीन जवळपास प्रत्येक पुस्तकात असतो, म्हणजे नसला तर मी पानं मागे उलटून बघते की सुटला की काय. दोघं एकमेकांच्या शत्रुपक्षातले, त्याला किंवा तिला बाण लागलेला, बाहेर पाऊस, आणि दुसऱ्याने जखम धुऊन पट्टी बांधायची. वाईट लेखिका इथे त्याच्या खांद्यांचं वर्णन करते, दीड पान. चांगली लेखिका काय करते तर पट्टी बांधणाऱ्याचा हात दाखवते, जो आत्ताआत्तापर्यंत तलवार धरताना जराही हलत नव्हता तो गाठ मारताना चुकतो, गाठ सुटते, परत मारावी लागते, आणि जखमी माणूस हे बघतो आणि काहीच बोलत नाही. बास! एवढंच. पुढची शंभर पानं मी त्या सुटलेल्या गाठीवर काढू शकते. ज्याला यात कारागिरी दिसत नाही त्याने खुशाल दिसत नाही म्हणावं, पण मग परीक्षण लिहू नये.

आता मुद्दा. रोमान्स आणि फँटसी एकत्र का आले आणि वाचक त्यावर एवढे का तुटून पडले याचं माझं एक उत्तर आहे. प्रेमकथेला अडथळा लागतो. अडथळा नसेल तर दोघं भेटले, आवडले, संपलं, दहा पानांत. पूर्वीच्या गोष्टींत अडथळ्यांना तोटा नव्हता, घरच्यांचा विरोध, प्रतिष्ठा, पैसा, युद्धावर गेलेला नवरा, उशिरा पोचलेलं पत्र. अडथळे आजही आहेतच म्हणा, पण आजच्या काळातली गोष्ट लिहिताना पाचातल्या तीन लेखकांना गैरसमजाशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्याने तिला कोणाबरोबर तरी बघितलं, ती काही न सांगता निघून गेली, आणि आपण वाचताना ओरडतोय की बाई गं, फोन कर! एक फोन केला असता तर कादंबरी तिथेच संपली असती. म्हणूनच तो फोन होत नाही, बॅटरी संपते.

फँटसीत ही बॅटरी संपवायची गरजच पडत नाही. तिथे अडथळा जगाच्या नियमातच असतो. एकाला मरण नाही आणि दुसऱ्याचं आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं. हिच्या स्पर्शाने माणूस मरतो. त्याने आपलं खरं नाव सांगितलं तर ऐकणाऱ्याची त्याच्यावर सत्ता चालते, आणि ती विचारतेय की तुझं नाव काय. हे बोलून मिटणारे प्रश्न नाहीत, इथे कोणाला तरी काहीतरी द्यावंच लागतं. बऱ्याच पुस्तकांत फे म्हणजे ती पऱ्यांसारखी जमात असते, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही हा नियम असतो. हे लेखकांनी आत्ता काढलेलं नाही, परीकथांच्या, लोककथांच्या परंपरेतून आलंय. आता असा नायक डोळ्यासमोर आणा. खोटं बोलता येत नाही म्हणून तो आयुष्यभर शब्दांना बगल देत बोलायला शिकलाय, अर्धं खरं सांगायचं, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायचं, आणि नायिका त्याला सरळ विचारते, तुला माझं काही वाटतं का. त्याला 'नाही' म्हणताच येत नाही! तो गप्प बसतो. आणि ते गप्प बसणं म्हणजे काय हे तिलाही कळतं, आपल्यालाही कळतं. वास्तववादी कादंबरीत असं गप्प बसण्याचे पन्नास अर्थ निघतील, इथे एकच निघतो. मी तर अशा पानाला उशीत तोंड खुपसून किंचाळते, खरंच.

माझी परीक्षा अगदी साधी आहे. पुस्तकातली जादू मनातल्या मनात काढून टाकायची आणि बघायचं की प्रेमकथा तशीच उभी राहतेय का. राहत असेल तर जादू नुसती सजावट होती, पुस्तक कच्चं. कोसळली तर पुस्तक पक्कं.

या परीक्षेत सगळ्यात वर कोण असेल तर माझ्या मते 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनचीच एक गोष्ट. लोकांना त्याच्या लढाया आणि अंगठी माहीत असते, पण बेरन आणि लुथिएन ही त्याची आयुष्यभराची आवडती कथा होती. बेरन माणूस, मर्त्य, लुथिएन एल्फ, म्हणजे जिला म्हातारपणाचं मरण नाही, आणि ती त्याच्यासाठी आपलं अमरत्व सोडते. ही सुचली कशी तर १९१७ मध्ये टोल्किन आजारी सैनिक म्हणून युद्धावरून परतलेला असताना त्याची बायको एडिथ रानातल्या एका मोकळ्या जागेत त्याच्यासाठी नाचली होती, त्यावरून. एडिथ १९७१ मध्ये गेली, तो १९७३ मध्ये, आणि ऑक्सफर्डला त्यांच्या थडग्याच्या दगडावर तिच्या नावाखाली लुथिएन आणि त्याच्या नावाखाली बेरन असं कोरलेलं आहे. भाषाशास्त्राचा एवढा मोठा प्राध्यापक, आणि थडग्यावर काय तर स्वतःच्या रोमँटसीतल्या नायक-नायिकेची नावं! टाइमपास म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं. (तरी माझा त्याच्यावर एक राग आहेच. तसलीच दुसरी जोडी त्याच्या मोठ्या कादंबरीत आहे, अरागॉर्न आणि आर्वेन, आणि त्यांची प्रेमकथा त्याने चक्क परिशिष्टात टाकलीय. परिशिष्टात! १९५४-५५ साली आलेलं पुस्तक, पण माझा राग ताजा आहे.)

आणि हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे असं कोणी म्हणत असेल तर त्यांनी बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत कथेकडे बघावं, बाणभट्ट म्हणजे सातव्या शतकात, हर्षाच्या दरबारातला कवी. राजाकडे एक मुलगी पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते, तो पोपट माणसासारखा बोलतो आणि गोष्ट सांगायला लागतो, गोष्टीत दुसरी गोष्ट, त्यात तिसरी, चंद्राने दिलेला शाप, दोन जोड्या, पुनर्जन्म. महाश्वेता तळ्याकाठी तप करत बसलीय कारण तिचा प्रियकर मेलाय पण परत भेटेल असं तिला सांगितलं गेलंय. आणि कादंबरी, म्हणजे पुस्तकाला जिचं नाव आहे ती नायिका, तिचा चंद्रापीड मरतो पण त्याचा देह सडत नाही, तेज जात नाही, आणि ती तो देह राखत बसते. शेवटी कळतं की गोष्ट ऐकणारा राजा म्हणजेच मागच्या जन्मीचा चंद्रापीड, म्हणजे इतका वेळ तो स्वतःचीच प्रेमकथा पोपटाकडून ऐकत होता! असला ट्विस्ट आजच्या बेस्टसेलरमध्ये आला असता तर आम्ही रात्रभर एकमेकींना मेसेज करत बसलो असतो. त्यात बाण पुस्तक अर्धवट सोडून वारला आणि ते त्याच्या मुलाने पूर्ण केलं. तेव्हाच्या वाचकांचं मधल्या काळात काय झालं असेल ते, मालिकेच्या पुढच्या भागासाठी वर्षानुवर्षं ताटकळलेला माणूसच समजू शकतो. मराठीतसुद्धा लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आली, आपल्या पहिल्यावहिल्या कादंबऱ्यांपैकी एक, तीही अद्भुतरम्यच होती. म्हणजे घराणं जुनं आहे, फक्त नंतर आपण त्याच्याकडे नाक मुरडायला शिकलो.

मी काही आंधळी फॅन नाही. या पुस्तकांत भरताड पुष्कळ असते. पाचशे वर्षं जगलेला नायक, ज्याने दोन साम्राज्यं बुडताना पाहिलीत, तो रुसतो मात्र अकरावीतल्या मुलासारखा. नायिका इतर मुलींसारखी नाही हे दर वीस पानांनी सांगतात, इतर मुलींनी काय घोडं मारलंय? नावं अशी की उच्चार करताना जीभ अडखळावी, पहिल्या पानावर नकाशा आणि त्यातल्या निम्म्या गावांना कोणी जातच नाही. आणि सगळ्यात चीड आणणारं म्हणजे शेवटच्या पानावर कड्यावर लटकवून ठेवणं. एक गोष्ट पूर्ण करून पुढची उघडी ठेवा की, पण नाही, वाक्य संपायच्या आत कोणीतरी सुरा खुपसतो आणि पुढचा भाग कधी येणार याचा पत्ता नाही. आणि हो, नायक तिला कोंडून ठेवतो, तिच्यासाठी परस्पर निर्णय घेतो आणि ते प्रेम म्हणून खपवलं जातं, अशी पुस्तकं आहेत, त्यांना झोडपलंच पाहिजे. पण ते झोडपायलाही पुस्तक वाचावं लागतं ना. सरसकट सगळ्यांना एकाच टोपलीत टाकलं की चांगल्या लेखिकेचं नुकसान होतं आणि वाईट लेखिका आरामात सुटते.

'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत इंग्रजी लेखिका जेन ऑस्टिनने कादंबऱ्या वाचणारी एक मुलगी दाखवलीय, काय वाचतेस विचारल्यावर ओशाळून पुस्तक खाली ठेवते आणि म्हणते की काही नाही, साधी कादंबरी आहे. ऑस्टिन त्यावर भडकते आणि कादंबरीची बाजू मस्त ठणकावून मांडते. ते पुस्तक १८१७ च्या शेवटी आलं, तिच्या मृत्यूनंतर. तिची स्वतःची पहिली कादंबरी १८११ मध्ये छापली तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं, 'एका बाईने लिहिलेली' एवढंच होतं. आज तिला सगळे क्लासिक म्हणतात, तीच माणसं तिच्या वारसदारांना टाइमपास म्हणतात.

तर मागणं काय आहे ते सांगते. महिन्यातून एकदा तरी या पुस्तकांना तुमच्या पानावर जागा द्या, मराठीतली, भाषांतरित, इंग्रजी, कुठलीही चालतील. परीक्षण अशा माणसाकडून लिहून घ्या ज्याला हा प्रकार आवडतो, म्हणजे तो चिडेल तेव्हाही योग्य कारणाने चिडेल. कथानक पूर्ण सांगू नका, एकत्र येणार हे आम्हाला माहीत आहे, कसे येणार ते फोडू नका. पुस्तक एकटं आहे की मालिकेतलं, आणि मालिका पूर्ण झालीय का, हे वरतीच छापा, याचं महत्त्व तुम्हाला कळणार नाही पण कृपया छापा. आणि वयोगट लिहा. हल्ली मुखपृष्ठावर गोड चित्र असतं, फुलं, चांदण्या, एखादा कोल्हा, आणि आत जे असतं ते बारा वर्षांच्या मुलीला हातात द्यावं असं अजिबात नसतं. मोठ्यांनी मोठ्यांसारखं वाचावं, त्यात काही वाईट नाही, पण घरच्यांना ते आधी कळायला हवं, आणि त्यांना ते सांगायला तुमच्या पानाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

परीक्षण लिहायला कोणी मिळत नसेल तर कळवा. मी फुकट लिहीन, फक्त शब्दमर्यादा आधी सांगा, नाहीतर काय होतं ते या पत्रावरून दिसतंच आहे.

आपली,
एक नियमित वाचक